उकिडवं

खांबाला वळसा घालताना
पाय मातीत राहिला आणि मी पुढे गेले.
आवाज एवढाच, की शेजारी कुणी बोटं मोडावीत.
कुणी मोडली, म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं.
मग मैदान आडवं झालं
आणि ढमढेरे सरांच्या चपला दिसल्या,
अंगठा तुटलेल्या, सुतळीने बांधलेल्या.
नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली खेळले,
चपला कधी पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी माझ्याच मांडीमागचा दोर काढून
माझ्याच गुडघ्यात ओवला.
आई म्हणाली, म्हणजे जुन्या लुगड्याची गोधडी.
डॉक्टर हसले नाहीत.
म्हणाले, साधारण तसंच.

मग टॉवेलची गुंडाळी, तिच्यावर गुडघा.
रेहाना मॅडम म्हणायच्या, दाब. मांडी आवळ.
मी आवळायचे. मांडी
सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखी,
समोर मी उभी, आत कुणी नाही.
एकोणिसाव्या दिवशी कातडीखाली काहीतरी हललं,
पडद्यामागे पाल सरकावी एवढं.
रेहाना मॅडमनी हातातला चहा खाली ठेवला.
म्हणाल्या, परत.

चौथ्या महिन्यात पर्वती.
पायाचं खरं चढताना कळत नाही, उतरताना कळतं.
हत्तीच्या मापाच्या त्या पायऱ्या,
प्रत्येकीवर डावा पाय आधी विचारायचा: नक्की?
माकडटोपी घातलेले एक आजोबा
रोज मला मागे टाकून खाली जायचे
आणि जाताजाता म्हणायचे, "सावकाश हं, बाळ."
त्यात काळजी होती, पण आनंदही कमी नव्हता.
सातव्या महिन्यात मी त्यांना गाठलं.
म्हणाले, "घाई काय आहे एवढी?"

धावणं आलं, तळजाईच्या लाल वाटेवर.
उडी आली. वळणंही आलं,
आधी मनात शंभरदा वळून झाल्यावर.
बसणं आलं नाही.

लोकांना वाटतं खो-खो म्हणजे पळणं.
अर्धा खेळ तर बसायचा असतो:
चौकोनात, उकिडवं, बोटं मातीला टेकून,
पाठ कुणाच्या तरी हवाली करून
आणि कान पाठीला लावून.
माझा गुडघा अर्ध्यावर थांबायचा.
माझ्या चौकोनात आता शर्वरी बालवडकर.
चांगली खेळते. मी टाळ्या वाजवायचे.
टाळ्यांचाही सराव करावा लागतो,
तो रेहाना मॅडमच्या तक्त्यात नव्हता.

त्या दिवसांत मी मंडईत जायचे.
मेथीच्या जुड्यांमागे उकिडव्या बसलेल्या बायका,
साठीच्या, पासष्टीच्या, पहाटेपासून बसलेल्या,
मधेच उठून, पाणी मारून, पुन्हा बसणाऱ्या,
जसं काही त्यात काहीच नाही.
एकीने विचारलं, "कवाची बघतेस, काय पायजे?"
काय सांगणार? मावशी, तुमचे गुडघे.
दहाची कोथिंबीर घेतली.
घरात तेव्हा कोथिंबीर फार साठली होती.

अकरावा महिना. मंगळवार. सरावाचा सामना.
प्रेक्षक चार, आणि एक कुत्रा.
पाचव्या चौकोनात बसले.
गुडघा कुरकुरला, दोर ताणला, बसला.
मागे शर्वरीची पावलं. लांब. मग जवळ.
जिथे तिचा तळहात लागणार
तिथली कातडी आधीच तापलेली,
आणि मी उठले.
हात लागायच्या आधी. शब्द यायच्या आधी.

शिट्टी. फाऊल.

अकरा महिने ढमढेरे सर माझ्याशी
दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलत होते.
आता मैदानाच्या त्या टोकावरून ओरडले,
"पासलकर! खो मिळाला का तुला?
स्वारगेटची बस सुटतेय का?"
सगळ्या हसल्या. कुत्रं भुंकलं.
मला रडू येईल असं वाटलं, पण वेळ नव्हता,
शर्वरी वळून पुन्हा येत होती.

मी बसले.
बसून झाल्यावर लक्षात आलं
की बसले.